पुढचा शब्द

अमरावतीहून पुण्याची गाडी सुटली तेव्हा पिशवीत मुलीसाठी सांडगे होते आणि डोक्यात एक अर्धवट राहिलेलं भाषण. शिकवते त्या शाळेच्या स्नेहसंमेलनात भाषण करताना मी मध्येच अडकले होते. पोरं ते केव्हाच विसरली. मी मात्र रोज स्वतःला फैलावर घेत होते. आणि सुट्टीनंतर शाळा उघडताना स्वागताचं भाषण माझ्याच गळ्यात पडलं होतं.

मुलगी हिंजवडीत नोकरी करते. तिनं माझ्यासाठी कर्वेनगरातला एक गट शोधला. तिथं स्वतःशी मायेनं वागायला शिकवतात म्हणे! पहिल्याच रविवारी मी चुकीच्या बसमध्ये बसले आणि थेट मंडईपाशी पोचले. एका ताडगोळेवाल्याला विचारलं, "कर्वेनगर इथून जवळ आहे का हो?"

"चालत निघा. संध्याकाळपर्यंत जवळच आहे."

वर त्यानंच रिक्षा थांबवून दिली. ताडगोळे (ताडाच्या फळातले गार, लुसलुशीत गर) खात, स्वतःला बावळट म्हणत मी कर्वेनगर गाठलं. ताडगोळे मात्र फार गोड होते.

गटात सगळे गोलात बसले होते. ओंकार नावाचा आयटीतला तरुण सांगत होता, "माझा बॉस परवडला. तो वीकेंडला तरी सुट्टी देतो. मी स्वतःला रविवारीही झापतो." सगळे हसले. माझी पाळी आली. दोन वाक्यं बोलले आणि पुन्हा अडकले. उठून पळावंसं वाटलं.

गट घेणाऱ्या मंजिरीताईंनी शांतपणे विचारलं, "अहो, वर्गात कविता म्हणताना मूल अडखळलं, तर तुम्ही काय करता?"

"पुढचा शब्द हळूच सांगते."

"आणि स्वतः अडखळलात की?"

"छडी," मी म्हणाले, आणि डोळेच भरून आले.

ताईंनी छातीवर हात ठेवायला सांगितला. मी घरच्या वऱ्हाडीत पुटपुटले, "असू दे वं बाई. सांग पुढं." आणि खरंच पुढचं सगळं सांगून टाकलं. त्यानंतर सुट्टीतला एकही रविवार मी चुकवला नाही. बस मात्र आणखी एकदा चुकले, आणि त्या खेपेला स्वतःला बावळट म्हणाले नाही.

परतले, शाळा उघडली. माईकसमोर दुसऱ्याच वाक्याला गाडी अडली. हात आपोआप छातीवर गेला. असू दे वं बाई! पुढचा शब्द आला, त्याच्यामागून बाकीचे आले. भाषण शेवटापर्यंत केलं, तेही खणखणीत आवाजात.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांदेखत, जराही न लाजता, मीही वाजवल्या.