केबिनमध्ये नेलेला निरोप

दुपारचे अडीच वाजलेत. जेवण झाल्यावर मी प्रुफं घेऊन पलंगावर आडवी होते. चष्मा काढत नाही, कारण झोपायचं नाही असं ठरवलंय. पाच वाजता प्रेसमधले बोंद्रे स्मरणिकेची प्रुफं न्यायला येणार आहेत. चौदाव्या पानावर एक वाक्य आहे. तीन दिवस झाले, मी त्या वाक्यापाशी येते आणि पान उलटते.

आमच्या रेणापेठच्या सर्वोदय चित्रमंदिराला यंदा सत्तर वर्षं होतात. ते कुणा एका मालकाचं कधीच नव्हतं. विणकरांनी माग बंद ठेवून दगड वाहिले, कुंभारांनी कौलं दिली, पहिला पडदा गावातल्याच मागावर विणला, तीन पट्टे एकमेकांना शिवून. खुर्च्या येईपर्यंत लोक बसायला घरून पोती आणायचे. दर पाडव्याला गाव पंच निवडतं आणि ते थिएटर चालवतात. अजूनही. माझे वडील, सगळ्या गावाचे दादा, बावीस वर्षं चिटणीस होते. मी शाळेतून निवृत्त झालेली, अक्षर बरं, म्हणून इतिहास लिहायचं माझ्याकडे आलं.

वाक्य असं आहे: 'सन १९७९ मध्ये ऑपरेटर दस्तगीर अत्तार यांच्या निष्काळजीपणामुळे केबिनला आग लागली.' सभेच्या वहीत दादांच्या हातचं आहे. मी जसंच्या तसं उतरवलंय.

पंख्याचा आवाज येतोय. कर्र, कर्र. मग मधली फट मिटते आणि सलग टर्रर्र ऐकू येतं, मशीनवर रीळ चढवल्यासारखं. मी कूस बदलते. कूस बदलायला जागा नाही, कारण मी स्टुलावर बसले आहे आणि समोर बायकांच्या तिकिटांची खिडकी आहे, पूर्वी मी बसायचे ती.

"ताई, खिडकी बंद करा. वर चला."

खिडकीतून आत आलेला हात मी ओळखते. मनगटापासून बोटांपर्यंत कातडी गुळगुळीत, गुलाबी. दस्तगीरभाई. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. मी मातीला गेले नव्हते. पोटात दुखतंय असं घरी सांगितलं होतं.

"तुम्ही खाली कसे?" मी विचारते. "खेळ सुरू आहे ना?"

"तेच तर. मशीन चालू आहे आणि मी इथं खाली."

ते निघतातसुद्धा. मी मागे धावते. केबिनचा लाकडी जिना, मग त्याच्या पायऱ्या दगडी होतात, आमच्या शाळेच्या, मधोमध झिजलेल्या. पुढच्या वळणावर त्या नदीच्या घाटाच्या आहेत आणि माझ्या घोट्यांना पाणी लागतंय. साडी वर धरून मी चढते. ते कायम एक वळण पुढे.

"दस्तगीरभाई, हळू."

"हळू कसं? कार्बन जळत येतो, ताई. दोन कांड्या समोरासमोर, मधे उजेड. कांडी झिजली की पुढं सारायची. डोळा काढून चालत नाही."

दार लोटलं तर आमच्या जुन्या घराची बैठक. झोपाळ्याच्या जागी मशीन उभं आहे. खुंटीवर दादांचा कोट. भिंतीला चौकोनी भोक आहे आणि त्यातून खाली सगळं थिएटर दिसतं, शेवटच्या रांगेपर्यंत भरलेलं. कुणीच पडद्याकडे बघत नाही. सगळ्यांच्या माना वळलेल्या आहेत, आमच्याकडे. पहिल्या रांगेत दादा, हातात झेंडूचा हार. म्हणजे तोच दिवस. बाल्कनीचं उद्घाटन आणि जिल्ह्याहून आलेले पाहुणे.

"खाली आवाज येतोय का?" दस्तगीरभाई विचारतात. हात मशीनवर, कान माझ्याकडे.

पडद्यावर एक बाई बोलते आहे. ओठ हलतात तेवढेच.

"नाही येत."

"कामावरून काढल्यावर समोर सायकलचं दुकान टाकलं होतं ना मी, तिथं यायचा. चौतीस वर्षं ऐकला. नवा ऑपरेटर रीळ बदलताना दर वेळी दोन शब्द खायचा." ते हसतात. "पंक्चर काढता काढता मी इकडं शिव्या द्यायचो."

"आत का नाही आलात कधी?"

"कुणी बोलावलं नाही." ते कांडी थोडी पुढे सारतात. "एकदा बोलावलं होतं, तेव्हा गेलो."

मला इथून जायचं आहे. मागे वळते तर दार होतं तिथे शाळेचा फळा आहे. त्यावर माझ्याच अक्षरात आजची तारीख. मशीनचा वेग वाढल्यासारखा वाटतो. घोट्यांभोवतीचं पाणी अजून गेलेलं नाही.

"त्या दिवशी तुम्ही वर आलात," ते म्हणतात. "काय म्हणालात?"

"आठवत नाही."

"मला आठवतं. पण मी सांगून काय उपयोग? मी तेव्हाही सांगितलं होतं."

सांगितलं होतं. आगीनंतर तिसऱ्या दिवशी पंच बसले. हाताला पट्ट्या बांधून दस्तगीरभाई उभे. "मला खालून बोलावणं आलं होतं," ते म्हणाले. "कुणी आणलं?" दादांनीच विचारलं. दस्तगीरभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी एकोणीस वर्षांची, कोपऱ्यात, तिकिटांचे गठ्ठे मांडीवर. ते थांबले. मी मान खाली घातली. मग त्यांनीही पुढे काही सांगितलं नाही आणि दादांनी वहीत ते वाक्य लिहिलं.

"काय म्हणालात, ताई?"

भोकातून बघते तर पडद्यावरच्या बाईच्या गालावर तपकिरी ठिपका पडला आहे. तो वाढतोय. फिल्म अडकली आहे, मधोमध जळते आहे, गाल, डोळा, कपाळ आत ओढलं जातंय आणि खाली एकही माणूस उठत नाही.

"उठा!" मी ओरडते. माझाही आवाज येत नाही. मी पुन्हा ओरडते. घसा ताणला जातो, शिरा दुखतात, आणि काहीच नाही.

"उठा नव्हे," दस्तगीरभाई म्हणतात. "ते बोला."

मी भिंतीला दोन्ही हात टेकते.

"दादांनी बोलावलं होतं." माझा आवाज मलाच जेमतेम ऐकू येतो. "पाहुण्यांना ऑपरेटरला हार घालायचाय म्हणाले. तुम्ही नको म्हणत होता. रीळ चालू आहे म्हणालात. मी म्हटलं, दोन मिनिटांत काय होतंय. दादांनी तसं सांगितलं नव्हतं. ते माझं होतं. मी तुमचं मनगट धरून तुम्हाला खाली आणलं."

आणि सगळा आवाज एकदम येतो. खुर्च्यांची करकर, लेकरांची रडारड, बाहेर भजीवाल्याची हाक, पडद्यावरचं बोलणं. पहिल्या रांगेतले दादा हार खुर्चीवर ठेवतात, उठतात आणि बाजूच्या दारातून निघून जातात. ते वर बघत नाहीत.

"आला," दस्तगीरभाई म्हणतात. एवढंच. टोपी काढून ते मान पुसतात. "हे जरा धरा. पाणी पिऊन येतो."

ते फिल्मचं टोक माझ्या चिमटीत देतात आणि जिन्यानं उतरतात. फिल्म बोटांमधून पळायला लागते. कशी थांबवायची मला माहीत नाही. सोडून द्यायची भीती वाटते, धरून ठेवलं की हाताला ओढ बसते.

"दस्तगीरभाई!"

खालून पाणी पिण्याचा आवाज येतो. मोठमोठे घोट. बराच वेळ.

मी उठून बसते. चार वाजून वीस मिनिटं. प्रुफं जमिनीवर पसरली आहेत आणि माझ्या उजव्या तर्जनीला कापलंय. आतल्या बाजूनं, बारीक, अगदी सरळ. रक्ताचा थेंब हळूहळू गोल होतोय. कागदाची धार लागली असेल.

चौदावं पान उचलते. वाक्यावर रेघ मारते आणि समासात लिहायला घेते. बोट ठणकतं, पेन नीट धरता येत नाही. लिहिते की दस्तगीर अत्तार यांना चिटणिसांनी खेळ चालू असताना खाली बोलावलं. ते यायला तयार नव्हते. निरोप मी नेला होता आणि आग्रह करून मीच त्यांना खाली आणलं. त्यांच्या मागे फिल्म अडकली, कार्बनच्या ठिणग्या जुन्या पोस्टरांवर पडल्या. ते धावत वर गेले आणि जळती पोस्टरं हातांनी ओढून काढली, म्हणून आग छतापर्यंत पोचली नाही. खाली माझं पूर्ण नाव घालते, कालिंदी वासुदेव हेगिष्टे.

बोंद्रेंची वाट न बघता चपला घालते.

दस्तगीरभाईंची मुलगी जुलेखा तीन गल्ल्या सोडून राहते. आगीच्या साली ती पाळण्यात होती. आता ब्लाउज शिवते. मी दारात उभी राहूनच पान वाचून दाखवते. ती मशीन थांबवते. वाचून झाल्यावरही पायाखालचं पायडल तसंच दाबून धरून बसते.

"हे सगळं अब्बांनी सांगितलं होतं," ती म्हणते. "नाव सोडून. निरोप कुणी आणला म्हणून मी कितीदा विचारलं. म्हणायचे, होती एक पोर, तिला याच गावात राहायचंय."

मी पान तिच्यापुढे धरते.

जुलेखा उठते. माझ्या हातातलं पान घेते, पुन्हा एकदा स्वतः वाचते. समासात लाल डाग लागलाय, तिथे तिची नजर थांबते. मग ती माझा हात ओढून बोट उजेडात धरते.

"कशानं कापलं?"

"कागदानं, बहुतेक."

ती बोटाकडे बघत राहते. "अब्बांची बोटं अशीच असायची म्हणे," ती म्हणते. "अम्मी सांगायची. फिल्मनं कापायचं."

बसा म्हणत नाही. चहाचं विचारत नाही. खाली पडलेल्या चिंध्यांतून पांढरी पट्टी निवडते, दातांनी फाडते आणि माझ्या बोटाला बांधते. गरजेपेक्षा घट्ट बांधते. मी हात मागे घेत नाही.