न्यूमोनियाची नोंद

कापसाची वेचणी सुरू झाली की शहाद्याकडच्या आमच्या दवाखान्यात ओठ निळे पडलेली तान्ही मुलं यायला लागत. बायांना उजाडताच शेत गाठावं लागे. मागे पाळण्यातलं पोर रडू नये म्हणून मोहरीएवढी अफू दुधात उगाळून चाटवायची, ही घरोघरची रीत. बागायतदाराच्या घरी तीच, सालदाराच्या झोपडीत तीच. निजणारं पोर ते शहाणं. श्वास थांबेल इतकं निजलं, तर आमच्याकडे आणायचं.

मी तिथला डॉक्टर, नवाकोरा, पदवीचा तोरा मिरवणारा. पहिल्याच हंगामात तापीकाठच्या एका शेतकरी घरातली सून सहा महिन्यांचा मुलगा घेऊन धावत आली, मागोमाग सासू. पोराच्या डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या.

"रोज देस तेवढीच दिन्ही, डाक्टरभाऊ," सून म्हणाली.

"मी बी दिन्ही," सासू म्हणाली. "तू दिन्ही हाई माले काय मालूम?"

मी श्वास चाळवणारं इंजेक्शन दिलं. पोर रडलं. मी फुशारून म्हणालो, न्या घरी. त्या इंजेक्शनचा जोर लवकर ओसरतो आणि पोटातली अफू तिथेच राहते, हे मी पुस्तकात वाचलं होतं. वाचून काय उपयोग! घरी पोर पुन्हा निजलं, तेव्हा "निजेल शे, निजू दे," असं सासू म्हणाली म्हणे. त्या घरात निजलेल्या पोराची काळजी कोण कशाला करेल? दिवस मावळायच्या आत ते गेलं.

दाखल्यावर मरणाचं कारण लिहायचं होतं. अफू लिहिली असती तर फौजदार सुनेच्या दारात उभा राहिला असता. मी न्यूमोनिया लिहिलं. माझ्या आधीचे डॉक्टरही तेच लिहीत आले होते. आम्ही सगळे स्वतःला मोठे दयाळू समजत होतो.

पुढच्या वर्षी एका जुन्या वैद्यकीय मासिकात वाचलं की अफूचा अंमल उतरवून श्वास परत आणणारं औषध निघालं आहे आणि त्याहून चांगलं शोधायचं कामही चालू आहे. मला इतका आनंद झाला की ते पान मी कंपाउंडरला मोठ्याने वाचून दाखवलं. जिल्ह्याला तीन अर्ज केले. उत्तर नाही, म्हणून स्वतः गेलो. साहेबांनी माझ्याच दवाखान्याचे कागद माझ्यापुढे सरकवले. अफूने दगावलेलं एक तरी पोर यात दाखवा, म्हणाले. न्यूमोनियाची औषधं मागाल तेवढी देतो. मला त्यांचा भयंकर राग आला. कागदावर त्यांचं बरोबर होतं, याचा अजून येतो.

परतीच्या एसटीत मी मनाशी ठरवलं, यापुढे खरं तेच लिहायचं. खऱ्या नोंदी गेल्या तरच औषध येणार होतं.

त्याच आठवड्यात एक बाई चार महिन्यांची मुलगी घेऊन एकटीच आली. कमरेला कापसाची ओटी तशीच बांधलेली. या वेळी मी इंजेक्शनवर विसंबलो नाही. मुलीच्या तोंडावर रुमाल ठेवून दुपारभर माझ्या तोंडाने तिच्यात श्वास भरत राहिलो. इवलीशी छाती हलायची ती माझ्या फुंकरीने. आई तळपाय चोळत होती. चारच्या सुमाराला नाडी हाताला लागेना.

मी हात धुतले, दाखला पुढे ओढला आणि पेन उघडलं. बाईला वाचता येत नव्हतं, पण ती पेनाकडे बघत होती.

"भाऊ, पोलीस माले लई जातीन का?" तिने विचारलं. "घर अजून दोन पोरे शेतस."

मी न्यूमोनिया लिहिलं आणि खाली सही केली. मी तिथे होतो तोवर ते औषध आलं नाही.