सतराचा पाढा

आखातातल्या मुसफ्फाच्या वर्कशॉपमधून कामगारांच्या कॅम्पकडे जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये सूर्यकांत वेल्डरला सगळे मास्तर म्हणत. बस सुटली की हा बोटीम ॲपवरून लांज्याजवळच्या घरी फोन लावायचा, स्पीकर चालू करायचा आणि चौथीतल्या समिधाकडून पाढे म्हणवून घ्यायचा. पोरगी रांगत असताना इथे आलेला बाप. तिच्या वाढण्यात त्याचा हात म्हणाल तर एवढाच. ती अडली की अख्खी बस गप्प. पाढा पुरा झाला की हा "शाब्बास गं माझी वाघीण!" म्हणून ओरडायचा आणि पुढून पठाण ड्रायव्हर हॉर्न द्यायचा.

मग याला हौस आली. पोर मागे पडायला नको म्हणून सुट्टीवर गावी निघालेल्या, बसमधल्याच उल्हासबरोबर त्याने टॅब धाडला, अभ्यासाच्या ॲपसकट. आपल्याच हाताने आपली खुर्ची उचलून दुसऱ्याला दिली, पण हे तेव्हा कळतं कुणाला?

काही दिवसांतच समिधा म्हणाली, "बाबा, सतरा नव्वे त्रेपन्नासे नाही म्हणायचं. एकशे त्रेपन्न. टॅबमधली ताई तसंच सांगते."

पुढे फोनवर बायकोच, आशाच यायला लागली. "अहो, ती टॅबवर अभ्यासाला बसलीय. उठवू का?"

"नको, नको. करू दे अभ्यास."

दुसरं काय म्हणणार? पोरगी खरंच हुशार होत होती. त्याचंच त्याला वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटतं म्हणून लाजही वाटत होती.

बसमध्ये मात्र त्याने कुणाला पत्ता लागू दिला नाही. स्पीकर बिघडलाय म्हणायचा आणि फोन न लावताच कानाशी धरून पाढे विचारायचा. एका संध्याकाळी "हं, पुढे?" म्हणत असतानाच तो फोन कानापाशी खणाणला. चोरी पकडली गेल्यासारखा तो गोठला. उल्हासने खिडकीकडे तोंड फिरवलं.

समिधा होती. सूर्यकांतने झटकन स्पीकर लावला.

"बाबा, लाईट गेलीय. टॅबचं चार्जिंगपण संपलं. पाढे घेता?"

"घेतो की! सतराचा म्हण."

ती म्हणू लागली. सूर्यकांतचे डोळे भरून आले. "सतरा आठे एकशे छत्तीस, सतरा नव्वे..." ती अडली. बस गप्प झाली.

"बाबा, लाईट आली! ठेवते हं."

सूर्यकांतने फोन खाली घेतला नाही. "त्रेपन्नासे," तो त्या कट झालेल्या फोनमध्ये मोठ्याने म्हणाला. "शाब्बास गं माझी वाघीण!"

ड्रायव्हरला मराठी येत नव्हती. शाब्बास तेवढं कळलं, म्हणून त्याने हॉर्न दिला.