मटकीला लागलेले मटार

आधीच सांगून ठेवते, हसायचं नाही! माझी फजितीच अशी झाली की ऐकून तुम्ही चहा सांडाल.

माझा मुलगा समीर आयटीत. कंपनीने त्याला सहकुटुंब अमेरिकेला पाठवलं, तेव्हा नात इरा पहिलीत होती. जायच्या आधी आम्ही दोघींनी घरीच प्रयोग केला. वाटीत ओला कापूस, त्यावर मटकी. मोड आले तेव्हा पोरगी नाचली नुसती! मग ती मटकी थाटात कुंडीत लावली.

निघताना इरा दार सोडेना. समीर म्हणाला, "रोपाला शेंगा आल्या की आपण परत यायचं, बरं?" पोरीने दार सोडलं. आणि मी? लागले की कामाला!

रोज पाणी, खत, लाडीगोडी. शेंग म्हणाल तर एक नाही! मायेने पाणी जास्तच झालं, नुसती पानं फोफावली. घर इतकं ओकंबोकं झालं होतं की कुकरच्या शिट्टीनेही मी दचकायची. आणि दर रविवारी कॉम्प्युटरवर इरा विचारायची, "आजी, आल्या शेंगा?"

शेवटी मंडई गाठली. मटकीच्या शेंगा कुठल्या मिळायला! मटार आणले आणि हिरव्या दोऱ्याने रोपाला बांधले. म्हटलं, त्या वेबकॅमवर माणूस धड ओळखू येत नाही, तिथे शेंगेचं काय?

रविवारी कुंडी कॅमेऱ्यासमोर धरली, तशी इरा आनंदाने किंचाळली आणि आत पळाली.

"आई, ती बॅग भरतेय!" समीर ओरडला. "खरंच शेंगा आल्या?"

"मग! दिसत नाहीत का?"

तेवढ्यात मागून आमचे हे आले. एक शेंग ओढली, सोलली, दाणे तोंडात टाकले. "मटार गोड आहेत गं. पण हा दोरा कशाला?"

आता बोला!

समीर हसत सुटला. बॅग घेऊन आलेल्या इराला त्याने सगळं सांगितलं. ती रडेल असं वाटलं, पण डोळे भरले माझेच.

"आजी, आम्ही यावं म्हणून बांधल्यास?"

"हो गं."

"मग 'या' म्हणायचं ना!"

समीरचं हसू थांबलं. "आई, तू कधी बोललीच नाहीस."

कशी बोलणार? दर रविवारी मी शहाणी त्याला ठणकावून सांगत होते, "आमचं इथे मस्त चाललंय, यायची मुळीच घाई करू नका!"