फ्रिजमधला चष्मा

आमच्या ह्यांचा धंदा फ्रिज दुरुस्तीचा. तीस वर्षं लोकांच्या स्वयंपाकघरात उकिडवं बसून, फ्रिजच्या पाठीला कान लावून काढलेली. पाना हातात घ्यायच्या आधीच सांगतात, गॅस संपलाय की पंखा अडकलाय. बाकी माणूस म्हणाल तर साधा. चहा गार मिळाला तरी तक्रार नाही, आणि हाक मारली तर तिसऱ्या हाकेला ओ. मी म्हणते, मशीनचं पुटपुटणं ऐकू येतं आणि बायकोची हाक तेवढी येत नाही, हे कसले कान!

चार वर्षांपूर्वी हे एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचा फ्रिज बघायला गेले. बाई मोबाइलवर स्वतःचं गाणं रेकॉर्ड करत होत्या. हौसेने ह्यांना ऐकवलं. दुसरा कुणी असता तर 'वा वा' म्हणून कामाला लागला असता.

हे म्हणाले, "बाई, तुमचा आवाज चांगला आहे. पण तुमच्याबरोबर फ्रिजही गातोय, आणि तो बेसूर आहे. रेकॉर्डिंग करताना त्याचं बटण बंद करा. आणि तुमचा चष्मा आत ठेवा."

"चष्मा? फ्रिजमध्ये?"

"नाहीतर परत चालू करायला विसराल आणि दूध नासेल. चष्म्यावाचून किती वेळ राहाल?"

बाईंचा मोबाइलवर एक ग्रुप होता, घरच्या घरी गाणाऱ्या-वाजवणाऱ्या हौशी लोकांचा. त्यांनी ह्यांना त्यात ओढलं. तोवर तिथे दोनच प्रकारचे अभिप्राय यायचे. एक म्हणजे टाळ्यांची चित्रं, आणि दुसरा एका वकिलाचा, 'सुमार'. टाळ्यांनी कुणी सुधारलं नाही आणि सुमारने दोघांनी गाणं सोडलं.

हे रोज संध्याकाळी हातपाय धुऊन हेडफोन लावून बसायला लागले. प्रत्येक रेकॉर्डिंग तीनदा ऐकायचं, मग डायरीत पेन्सिलीने लिहायचं, मग ग्रुपवर टाकायचं. आधी काय आवडलं ते, नेमक्या जागेसकट. मग सुधारायचं ते एकच. दहा चुका सापडल्या तरी एकच, आणि ती कशी सुधारायची तेही. एक दातांचे डॉक्टर बाथरूममध्ये गायचे. ह्यांनी लिहिलं, 'पहिली ओळ अगदी मोकळी आली आहे. पण शब्द फरशांवर आपटून परत येतात. कपड्यांचं कपाट उघडा आणि त्याच्यासमोर गा.' डॉक्टरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिसऱ्या दिवशी कपाटासमोरचं गाणं आलं आणि खाली लिहिलेलं, 'आज बायकोने शेवटपर्यंत ऐकलं.' तेव्हापासून लोक ह्यांच्या तीन ओळींची वाट बघतात.

आणि मी? माझ्या वाट्याला एकच शब्द. छान.

मी माऊथ ऑर्गन वाजवते. वडिलांचा आहे, एका कोपऱ्यात चेपलेला. लग्न होऊन आले तेव्हा रोज वाजवायचे. पहिल्याच वर्षी नणंद आणि तिचे यजमान आले होते, मी एक गाणं वाजवलं, आणि हे सगळ्यांसमोर म्हणाले, "असा आवाज आला की मी गिऱ्हाइकाला नवीन फ्रिज घ्यायला सांगतो." काय हशा पिकला! मीही हसले. मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण हसले. दुसऱ्या दिवशी माऊथ ऑर्गन उशीच्या जुन्या अभ्र्यात गुंडाळला आणि ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिला. तो सव्वीस वर्षं तिथेच होता.

दोन वर्षांपूर्वी लेक नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली, घर रिकामं झालं, तेव्हा पुन्हा बाहेर काढला. हे कधीतरी दारात उभं राहून ऐकतात आणि म्हणतात, "छान." स्वयंपाकही छान, नवा पडदाही छान, माऊथ ऑर्गनही छान. अहो, परक्या दातांच्या डॉक्टरला तीन ओळी आणि मला दीड अक्षर?

मीही त्या ग्रुपवर आहे, पण नुसती ऐकायला. त्यातच ग्रुपचा कार्यक्रम ठरला. वाचनालयाच्या हॉलमध्ये, समोर खरी माणसं बसणार. नावं शनिवारपर्यंत द्यायची होती. मला वाजवायचं होतं, अगदी मनापासून. पण हे छान म्हणतात ते चांगलं आहे म्हणून, की आता काही इलाज नाही म्हणून? चारचौघांत दुसऱ्यांदा हसं व्हायला माझी तयारी नव्हती.

मी मुख्याध्यापिकाबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, "सोनारानेच कान टोचलेले बरे. तू रेकॉर्ड करून मला पाठव. मी नाव न सांगता ग्रुपवर टाकते."

बुधवारी दुपारी हे कामावर गेलेले असताना मी स्वयंपाकघरात बसून रेकॉर्ड केलं. फ्रिज बंद केला नाही. म्हटलं, हे मध्येच आले आणि बंद फ्रिज दिसला तर लगेच विचारतील. आमचा फ्रिज म्हणजे दिव्याखाली अंधार. सहा महिने घरघरतोय, मी शंभरदा सांगितलं, पण गावभरचे फ्रिज आधी. रेकॉर्डिंग बाईंना पाठवलं. त्यांनी ते ग्रुपवर टाकून खाली लिहिलं, 'एक नवीन सदस्य.'

संध्याकाळी ह्यांनी हेडफोन लावले. मी कणीक मळत एका डोळ्याने बघत होते. ह्यांनी एकदा ऐकलं. पेन्सिल उचलली, खाली ठेवली. दुसऱ्यांदा ऐकलं. मग तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. चार वेळा कधीच कुणाचं ऐकत नाहीत. शेवटी बऱ्याच वेळाने ग्रुपवर टाकलं. मी कणकेच्या हातानेच मोबाइल उघडला.

'नवीन सदस्यास. दुसऱ्या कडव्यात वर जाताना श्वास मोडू न देता सूर धरलात, ती जागा मी पुन्हा पुन्हा मागे नेऊन ऐकली. सुधारायचं एकच. शेवटाकडे घाई होते, कुणी येईल आणि काही बोलेल अशा भीतीने वाजवल्यासारखी. शेवटच्या दोन ओळी डोळे मिटून वाजवा. कुणी आलंच तर दारात गप्प उभं राहील. मागे फ्रिज वाजतोय, त्याच्या पंख्याचं बेअरिंग गेलेलं आहे. तुमचा मेकॅनिक निर्लज्ज दिसतो. कार्यक्रमात नक्की वाजवा.'

मी तशीच बाहेर गेले. "अहो! ओळखलंत ना?"

"फ्रिज माझा आहे," हे म्हणाले.

"मग हेच दोन वर्षांत तोंडावर सांगायला काय झालं होतं? छान, छान! मला वाटलं, माझ्यात काही राम नाही म्हणून गोड बोलताय."

ह्यांनी हेडफोन काढले, वायर बोटाला गुंडाळली, पुन्हा सोडली. "तोंडावर एकदा सांगितलं होतं," हे म्हणाले. "ताईसमोर. त्यानंतर तू वाजवलं नाहीस. मी एकदा ट्रंक उघडून बघितली होती. अभ्र्यात गुंडाळलेला होता. तिथे हात लावायची हिंमत झाली नाही."

मला वाटलं होतं, हे विसरले असतील. अठ्ठावीस वर्षं मी ते वाक्य एकटीच जपून ठेवलंय असं समजत होते.

"तेव्हापासून कुणाला काही सांगायचं तर चारदा विचार करून सांगतो," हे म्हणाले. "तुझ्याच बाबतीत भीती वाटायची गं. चुकून पुन्हा काहीतरी बोलून बसलो असतो तर? छानमध्ये धोका नाही."

राग आला होता तो खरा. पण हसूही आलं, रडूही आलं, आणि हाताला कणीक, त्यामुळे डोळे पुसायची सोय नव्हती. मी म्हटलं, "निर्लज्ज मेकॅनिक!" हे म्हणाले, "तेच लिहिलंय." जेवणाआधी मी बाईंना कार्यक्रमासाठी माझं नाव कळवलं.

दुसऱ्या दिवशी हे कामावर गेलेच नाहीत. सकाळीच फ्रिजमधला पंखा काढून बेअरिंग बदललं. फ्रिज असा गप्प झाला की घरात कुणी पाहुणा येऊन गेल्यासारखं वाटलं. मी दूध तापवलं, निवू दिलं आणि ठेवायला फ्रिज उघडला. आत अंधार. बटण बंद. अंड्यांच्या कप्प्यात ह्यांचा चष्मा.

मागे वळले तर हे स्टुलावर बसलेले, मोबाइल घडी केलेल्या टॉवेलवर ठेवलेला, आणि माऊथ ऑर्गन पुसून ओट्यावर मांडलेला.

"अहो, आता तर दुरुस्त केलात ना? मग बंद कशाला?"

"बेअरिंग नवीन आहे. भरवसा नको."

"आणि चष्म्यावाचून तुम्हाला मी तरी दिसतेय का?"

"नाही," हे म्हणाले. "मी ऐकायला बसलोय."

मी वाजवलं. शेवटच्या दोन ओळींना डोळे मिटले आणि घाई केली नाही. दूध बराच वेळ ओट्यावरच राहिलं.