फटी बुजवणारे अण्णा

थंडी-वारा सुरू झाला की जे. पी. नगरातल्या आमच्या घरी खिडक्यांच्या फटी बुजवायला एक अण्णा येतात. नाव मी कधी विचारलं नाही. पेटती उदबत्ती ते चौकटीवरून सावकाश फिरवतात आणि धूर जिथं हलेल तिथं रबराची पट्टी चिकटवतात. त्यांचा आवाज कधी चढत नाही. साधा खिळा मारायचा असला तरी, "अक्का, स्वल्प ठोकू का?" असं कानडीमिश्रित मराठीत विचारतात.

यंदा मी मोठ्या तोऱ्यात त्यांना बाथरूम दाखवलं. वारा येतो म्हणून तिथल्या झरोक्याला मीच काच बसवून घेतली होती. अण्णांनी भिंतीवरचा गॅसचा गीझर पाहिला आणि काही न विचारता हातोडीनं ती काच फोडली.

मी किंचाळलेच. "अहो, नवी काच!"

"ह्याचा विषारी वायू जाणार कुठं, अक्का?" अण्णा ओरडले. "माणूस आंघोळ करता करता पडतो, परत उठत नाही!"

परवापासून लेक आंघोळ करून आली की म्हणत होती, डोकं गरगरतंय. वारा लागला असेल म्हणून मी तिला कानटोपी घालत होते.