ठाण्यातली गोळी

ती सकाळ मी आजही विसरलेलो नाही, कारण त्या सकाळी माझ्या हातून एका माणसावर मोठा अन्याय होता होता राहिला.

मी तेव्हा भिलाईतल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. वडील रेल्वेत गँगमन, गोंदियाकडून दुर्गला आलेले. घरातला पहिला पदवीधर मीच. ज्या मास्तरांनी फी भरली नाही म्हणून मला कधी वर्गाबाहेर उभं केलं नाही, त्यांच्यामुळे अंगावर वर्दी आली हे मी कधी विसरलो नाही. काम नेकीनं करायचं, टेबलावर फाईल तुंबू द्यायची नाही, एवढंच मला ठाऊक होतं.

त्या दिवशी टेबलावर जिल्हाबदरीचा, म्हणजे तडीपारीचा, एक प्रस्ताव सहीसाठी होता. तो ज्याच्याविरुद्ध होता तो पस्तिशीचा, सुपेल्यामागच्या वस्तीत मोठ्या बहिणीकडे राहणारा. लहानपणापासून मिरगी, म्हणजे फिट येण्याचा आजार, त्यात दारूचं व्यसन. हथखोजच्या कारखान्यांतून तांब्याची केबल कापायची आणि कबाड्याला, म्हणजे भंगारवाल्याला, विकायची, हा त्याचा धंदा. तुरुंगात जायचा, सुटायचा, पुन्हा तेच. पोलिसांची कायम नजर असलेल्या 'निगराणी बदमाशां'च्या यादीत नाव असल्यामुळे त्याला रोज ठाण्यात हजेरीला यावं लागे.

सही करणार तेवढ्यात खबऱ्याचा फोन आला. "साहेब, तुमचा पाहुणा बोरा घेऊन कबाड्याकडे जाऊन राहिला." शिपाई गेले, त्याला पोत्यासकट घेऊन आले. पोत्यात ताजी कापलेली केबल होती.

चौकशीला पाच मिनिटंही लागली नाहीत. "मीच कापली साहेब," तो म्हणाला. इथं मी ते केलं जे आमच्या खात्यात सर्रास चालायचं. एक चोर हाती लागला की त्या भागातल्या न उकललेल्या चोऱ्याही त्याला विचारून घ्यायच्या. पोलिसांपुढची कबुली न्यायालयात टिकत नाही हे मला माहीत होतं. पण प्रस्ताव मात्र त्यानं भक्कम होतो. मी एकेक विचारत गेलो, तो एकेक कबूल करत गेला.

जबाब लिहून घेत होत्या आमच्या प्रधान आरक्षक, म्हणजे हवालदार, बाई. वैशाली नगरात राहणाऱ्या, दोन मुलांच्या आई, बोलायला तिखट. तिसऱ्या, एका मंगळवारच्या चोरीवर त्यांचा पेन थांबला.

"कावून बे, त्या मंगळवारी तं तू दवाखान्यात होता. चौकात झटका आला तुले. मीच ऑटोत टाकून नेलं. तीन दिवस भरती होता."

तो गोंधळला. "असन दीदी. पण साहेब म्हणून राहिले तं केलं असन मीच. झटक्यानंतर मले काही आठवत नाही."

"मग हो कशाले म्हणते?"

"हो म्हटलं का लवकर सुटका होते."

मी खुर्चीत मागे टेकलो. एवढी वर्षं ज्याला मी सराईत समजत होतो, त्याला आपण काय केलं आणि काय नाही हेच नीट ठाऊक नव्हतं. बाईंनी त्याला चहा दिला आणि मग सावकाश विचारलं, "दवाखान्यातून गोळ्या भेटते ना तुले? खाते का नाही?"

"कबाडी सेठ म्हणे, दारूवर गोळी खाल्ली तं मरशीन. दारू तो रोज देते. मग गोळी कावून खाऊ?"

सगळा गुंता तिथं सुटला. कबाडी त्याला दारू पाजून केबल कापायला पाठवायचा. दुसऱ्यांनी आणलेला मालही पकडला गेला तर 'हे तूच आणलं होतं' असं त्याच्या डोक्यात भरायचा. कबाड्याच्या गोदामावर छापा घातला तेव्हा ज्या चोऱ्या याच्या नावावर चढणार होत्या त्यांचा माल सापडला, आणि तो आणणारे दोघेही. कबाड्यालाही अटक झाली.

पण जिल्हाबदरीचा प्रश्न उरलाच. त्याने खरोखर केलेल्या चोऱ्याही कमी नव्हत्या. कापलेल्या केबलचा गुन्हा कोर्टात गेला, तो जामिनावर सुटला. त्याची बहीण ठाण्याच्या पायरीवर येऊन बसली. "साहेब, याले जिल्ह्याबाहेर धाडान तं कुठंतरी रस्त्यावर पडून मरन. तिथं याले उचलणारं कोण आहे?"

बाई माझ्याकडे आल्या. "साहेब, याची गोळी ठाण्यात ठेवू. हजेरीले आला का इथंच खाऊ घालू."

"हे ठाणं आहे का दवाखाना?" मी विचारलं.

"दवाखान्यात तो जात नाही, साहेब. ठाण्यात येते. भीतीनं का होईना, एक दिवस चुकवत नाही."

मी वरिष्ठांना लेखी कारणं दिली आणि तीन महिन्यांची मुदत मागितली. त्यांनी ती दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी दिवसाला एकच गोळी पुरेल असं औषध बसवून दिलं, दारू सुटण्यासाठी उपचार सुरू केले. रोज सकाळी बाई त्याला गोळी देत, पाणी देत, तोंड उघडून दाखवायला लावत, मगच हजेरीची सही. शिपाई चिडवायचे, "दीदी, आमालेही ताप आहे." त्या म्हणायच्या, "तुमाले जमालगोटा देतो."

काम शोधणं त्याहून अवघड गेलं. मिरगीच्या माणसाला मशीन नको, उंची नको, आग नको. शेवटी सुपेल्यातल्या मोटर वाइंडिंगच्या दुकानात जमिनीवर बसून जळालेल्या पंख्यांची जुनी तांब्याची तार काढायचं काम मिळालं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, बोक्याले दुधाजवळ बसवून राहिल्या तुमी."

"बोक्यावर माही नजर आहे," बाई म्हणाल्या.

सगळं सरळ झालं नाही. दोन महिन्यांनी तो चार दिवस हजेरीलाच आला नाही. नियमाने कारवाई करता आली असती. बाई सुट्टीच्या दिवशी साध्या साडीत हथखोजला गेल्या, एका बंद शेडमागे पिऊन पडलेल्या त्याला बहिणीच्या मदतीने घरी आणलं. दुसऱ्या दिवशी तो मान खाली घालून ठाण्यात उभा होता. त्या फक्त म्हणाल्या, "तोंड उघड." डॉक्टरांकडे उपचार पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. मुदत संपली तेव्हा मी प्रस्ताव मागे घेतला.

या प्रकरणाने मला शिकवलं की एखादा माणूस चोरही असतो आणि आजारीही असतो. एकाच गोष्टीकडे पाहिलं तर दुसरी नजरेतून निसटते. आणि हे मला कुठल्या प्रशिक्षणात नाही, माझ्या हाताखालच्या बाईंकडून कळलं. त्यांना या कामाबद्दल कधी बक्षीस मिळालं नाही. मी शिफारस केली होती, पण चोरी न झाल्याबद्दल बक्षीस द्यायचा रकाना आमच्या फॉर्मात नव्हता.

वर्षभराने हथखोजमध्ये पुन्हा केबल कापली गेली. मला लाज वाटते, पण जीप मी आधी त्याच्याच दुकानाकडे वळवली. तो पंख्यावर वाकून तार काढत होता. मला पाहताच उठला, हात पुसले.

"काल दुपारी कुठं होता?" मी विचारलं.

त्याने कोपऱ्यातले पंखे बोटांवर मोजले. मग माझ्या डोळ्यांत पाहून सावकाश बोलला. "इथंच होतो साहेब. तीन पंखे खोलले. मालकानं समोसा आणला होता. मी नाही कापली केबल. मले सगळं आठवते."

मालकाने मान हलवली. खरे चोर आठवड्याभरात सापडले. नोकरीत शेकडो माणसांनी माझ्या तोंडावर गुन्हा नाकारला. नकार ऐकून आनंद झाला, असं एकदाच घडलं.